लेप आणि लाकूड

जुन्या वस्तूला नवे रूप देणे हे चांगलेच काम, असे आपण सारे गृहीत धरून चालतो. दिवाळीच्या आधी भिंतींना रंग काढताना पापपुण्याचा विचार कुणाला सुचत नाही, आणि सुचण्याचे कारणही नाही. पण काही वस्तू नव्या करताना आपण नकळत दुसऱ्याच्या वाट्याला हात घालतो. हा विचार मला सुचला एका मोटारीवरून.

पुण्यात 1995 पासून मर्सिडीज गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. त्या पहिल्या वर्षांतली एक गाडी माझ्या स्नेह्यांकडे आहे. आतल्या लाकडी पट्ट्यांवरचे वार्निश उन्हाने तडकले होते. वडिलांचा हात जिथे टेकत असे, तिथली झिलई तर पार उडून लाकूड काळवंडले होते. मुलगा म्हणाला, "सगळं तासून नवं करा." आई म्हणाली, "नको रे, त्यांच्या हाताची जागा तरी राहू दे." कारागीर पट्टी निरखीत म्हणाला, "माई, हा नुसता पापुद्रा आहे. दोनदा घासला की खालची फळी दिसायला लागेल."

त्या वाक्याने मी विचारात पडलो. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचे खांब सागवानी आणि भरीव. त्यांनी थोडे तासणे सोसले असते. मोटारीतले शोभेचे लाकूड मिलिमीटरभरही जाड नसते. ते आज आपण तासले, तर उद्याच्या मालकाने काय तासावे? आपली नव्याची हौस पुढच्याच्या शिलकीतून भागते, ती अशी.

मग आईचे म्हणणेच खरे का? तेही पुरते नाही. तडकलेल्या वार्निशातून ओल शिरते, पापुद्रा सुटतो, आणि आठवण जपता जपता लाकूडच जाते. काहीच न करणे म्हणजे आदर, असे म्हणून सुटता येत नाही.

घरच्या जुन्या कपाटांना चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवीत. त्या पॉलिशाचा एक गुण मला फार मोठा वाटतो: पुढच्या कारागिराला ते स्पिरिटनेच उतरवता येते. पण उन्हात उभ्या मोटारीत लाख मऊ पडते, म्हणून तिथे टणक वार्निश लागते; आणि लेप जितका टणक, तितका तो काढताना लाकडाला धोका.

शेवटी कारागिराने जुना लेप गरम हवेने सैल करून सोलला, लाकडाला बारीक कागद जेमतेम लावला आणि वर नवे पारदर्शक वार्निश दिले. हाताचा काळसर डाग खाली तसाच राहिला. मुलाला चकाकी मिळाली, आईला खूण मिळाली.

लेप झिजण्यासाठीच असतो; तो प्रत्येक पिढीने खुशाल बदलावा. लाकूड मात्र आपल्याकडे ठेव म्हणून आलेले असते. घराण्याच्या रीतींना हात घालतानाही पापुद्रा किती जाड आहे, हे आधी पाहावे, आणि मग पाते उचलावे.