मूठभर गहू आणि शेताचा एक पट्टा

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातल्या रावेरीत सीतेचं मंदिर आहे. तिथे राम नाही, एकटी सीता आहे. रामाने त्यागल्यावर ती इथल्या रानात राहिली, लव-कुश इथेच जन्मले, असं सांगतात. बाळंतपणात तिने गावात मूठभर गहू मागितला, कोणी दिला नाही, आणि तिने शाप दिला: या शिवारात गहू पिकणार नाही. पुढे संकरित बियाणं आलं आणि गहू पिकायला लागला, हेही गावातलेच लोक सांगतात. पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने केला.

मी याच जिल्ह्यात दहावीला विज्ञान शिकवते, आणि आमच्या घरची शेती कपाशीची आहे. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पुस्तकातला पहिलाच धडा. तो चालू असताना एका मुलीने विचारलं, “मॅडम, बियाणं बदललं अन् गहू आला. मंग सीतामायचा शाप खोटा होता का?”

अभ्यासक्रमात नाही म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. आमच्याकडे त्याचं उत्तर गव्हापेक्षा कपाशीत आहे.

२००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं आणि बोंड खाणारी अळी मरायला लागली. २००६मध्ये दोन जनुकांची कपाशी आली. मुलं म्हणतात, अळीला विषाची सवय झाली. सवय होत नाही. असंख्य अळ्यांमध्ये मोजक्या अशा असतात, की जनुकातल्या बारीक फरकामुळे ते विष त्यांच्या आतड्याला चिकटतच नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची पैदास यांचीच झाली. गुलाबी बोंडअळी तर जवळपास कपाशीवरच जगते. तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. गुजरातेत एका जनुकाला ती पुरून उरल्याचं २०१०मध्ये जाहीर झालं. २०१७मध्ये आमच्याकडे दोन जनुकांची कपाशीही तिने पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

तेव्हा लोक म्हणाले, देवाच्या कामात हात घातला, त्याची ही शिक्षा. मी देव मानते, म्हणूनच मला हे मान्य नाही. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेल्या माणसाने कुठलं बियाणं निवडलं होतं? त्याला शिक्षा करणारा देव मला हात जोडण्यासारखा वाटत नाही. नैसर्गिक निवडीला पाप-पुण्य कळत नाही. जनुक एका जिवातून दुसऱ्यात नेण्यातही मला पाप दिसत नाही. पण एका गोष्टीत दिसतं: दुसऱ्याचा वाटा नाकारण्यात.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं, बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं. तिथे साध्या अळ्या जगणार, त्यांचे पतंग विषाला न जुमानणाऱ्या पतंगांशी जुळणार, आणि तो गुण अप्रभावी असल्यामुळे त्यांची संतती बीटीवर मरणार. म्हणजे शेताचा एक पट्टा अळीला द्यायचा. पितृपक्षात कावळ्याला घास काढून ठेवणाऱ्यांना हे परकं वाटायला नको होतं. तरी कितीतरी पाकिटं बांधावर फेकली गेली. माझ्या पट्ट्याचा फायदा साऱ्या शिवाराला, नुकसान मात्र माझं एकट्याचं. हा हिशेब तीन एकरवाल्याला परवडत नाही.

आणि सगळा दोष त्याचाच नाही. चीनने, अमेरिकेने बीटी मुख्यतः सरळ वाणांत आणली. आपल्याकडे ती संकरित बियाण्यातून आली, जे दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. नववीत शिकवलेलं ९:३:३:१ हे गुणोत्तर इथे बोंडात उतरतं: काही सरक्यांत दोन्ही विषं, काहींत एकच, सोळांतल्या एकीत एकही नाही. गुलाबी अळी खाते ती सरकीच. त्यामुळे अर्धवट प्रतिकार असलेल्या अळ्याही तगतात. अमेरिकेने बीटीसोबत वांझ केलेले पतंग सोडले, सगळ्या शेतकऱ्यांना एका मोहिमेत घेतलं, आणि २०१८मध्ये आपल्या देशातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. जीव तोच, जनुकंही तीच.

त्या मुलीला मी सांगितलं, गहू का येत नव्हता ते माती, पाणी आणि वाण यांत शोधायचं. पण बाळंतिणीला मूठभर धान्य नाकारलं, ही गोष्ट नव्या वाणाने पुसली जात नाही. शाप मला तिथे दिसतो.

आमच्या घरी दरवर्षी फरदडीवरून, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवण्यावरून, वाद होतो. सासरे म्हणतात, “अजून दोन वेचे निघतात.” मी म्हणते, डिसेंबरनंतर उभी राहिलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या हंगामाच्या अळीला घर. यंदा आम्ही पऱ्हाटी उपटली. शेजारच्याने ठेवली, कारण त्या दोन वेच्यांच्या पैशात त्याला सोसायटीचं व्याज भरायचं आहे. त्याचे पतंग आमच्या कपाशीवर येणार, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याचं ते व्याज कोणी भरायचं, त्याने एकट्याने, की साऱ्या शिवाराने, बियाणं विकणाऱ्याने आणि सरकारने मिळून, हा माझ्या लेखी धर्माचाच प्रश्न आहे, आणि ग्रामसभेत तो मी त्याच नावाने मांडणार आहे.