हौसेला मोल नाही

मराठीत ‘किंमत’ आणि ‘मोल’ असे दोन शब्द आहेत. रोजच्या बोलण्यात आपण ते एकाच अर्थाने वापरतो, आणि भाजीबाजारात त्यामुळे काही बिघडतही नाही. तथापि भाषेने या दोन शब्दांत थोडे अंतर राखले आहे. आपण मोलमजुरी म्हणतो, किंमतमजुरी म्हणत नाही. म्हणजे मोलाचे नाते माणसाच्या श्रमाशी आहे आणि किंमतीचे बाजाराशी. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण तर दुहेरी आहे. हौसेपुढे पैसा मोजायचा नसतो, असा तिचा एक अर्थ. पण कोणी कुचेष्टेने उच्चारली की हौशी माणसाने उधळलेल्या पैशाला काही अर्थ नसतो, असेही तिच्यातून ऐकू येते. यांतला खरा अर्थ कोणता, हा प्रश्न गेले काही महिने माझ्या मनात घोळतो आहे, आणि त्याला निमित्त झाली आहे एक जुनी मोटारगाडी.

गाडी माझी नव्हे. मी नांदेडला मास्तरकी करणारा माणूस. माझा लांबचा प्रवास म्हणजे एस.टी.ने लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणे. तरीपण ज्याच्याजवळ एखादी वस्तू नसते, त्याला तिच्याविषयी विचार करायला सवड अधिक मिळते, एवढा फायदा मी पदरात पाडून घेतला आहे.

मोटारींच्या जगात ‘ग्रँड टुरिंग’ नावाचा एक प्रकार आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातील धनिकांची मुले शिक्षण संपवून फ्रान्स-इटलीची मोठी सफर करीत. त्या सफरीचे नाव पुढे गाड्यांना मिळाले. दोघांनी बसावे, शे-पाचशे मैल वेगाने जावे आणि उतरताना अंग आंबलेले नसावे, हा या गाडीचा धर्म. शर्यतीच्या गाडीचा वेग आणि घरच्या गाडीचा आराम यांचा तो संसार आहे. इटलीतील फेरारी कारखान्याने १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाच्या अवघ्या छत्तीस गाड्या बांधल्या. त्यांतल्या एकीची हकीगत कोणाही मास्तराचे कान टवकारील अशी आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील व्हिक्टोरिया गावच्या शाळेला ही गाडी कोणीतरी देऊन टाकली. मुलांनी यंत्र उघडावे, पुन्हा जोडावे आणि शिकावे, एवढाच तिचा उपयोग. शाळेने १९७२ मध्ये ती साडेसहा हजार डॉलरला विकली. पुढे कित्येक वर्षे ती ओहायोमध्ये उघड्या रानात ऊन-पाऊस खात पडून होती. आता दुसरी बाजू पाहा. याच छत्तिसांपैकी दुसरी एक गाडी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने हे तीनशे कोटी रुपयांहून अधिक होतात.

या दोन आकड्यांमध्ये गाडी बदललेली नाही. तेच बारा नळकांड्यांचे यंत्र, हाताने ठोकून घडविलेला तोच पत्रा. बदलले ते भोवतालचे लोक. ती हवी असणारे वाढले, त्यांच्यापाशी पैसा वाढला, आणि नवी छत्तिसावर सदतिसावी कोणी करू शकत नव्हता. यावरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. किंमत वस्तूच्या अंगी नसते; आपल्याखेरीज आणखी कोणाला ती हवी आहे, यावर ती ठरते. पण पत्रा ठोकणाऱ्या त्या इटालियन कारागिराचे कसब गाडी रानात पडली होती तेव्हाही तिच्यात होते, आणि दिव्यांच्या झगमगाटात लिलाव झाला तेव्हाही तेवढेच होते. मोल म्हणतात ते हे.

मग मालकी कशाला म्हणावे? याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावा निजाम महबूब अली खान याने इंग्लंडहून एक रोल्स रॉईस मागविली. मागे सिंहासनासारखी उंच बैठक असलेली, पिवळ्या रंगाची. गाडी तयार होऊन येण्याआधीच, १९११ मध्ये, तो वारला. ती त्याच्या वारसाकडे आली आणि पुढल्या अनेक वर्षांत काही शे मैलच धावली. एवढा प्रवास तर आमच्या एस.टी.चा ड्रायव्हर दोन दिवसांत करतो. आज ती हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात आहे, आणि तिकीट काढून कोणालाही पाहता येते.

मराठी घराण्याचेच उदाहरण हवे असेल तर इंदूरच्या यशवंतराव होळकरांचे घ्या. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या घराण्याचा हा वंशज मोठा रसिक होता. त्याने अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कारखान्याची एक गाडी घेतली, आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोघांपुरता देह चढवून घेतला. रंग नारिंगी आणि काळा. ‘ग्रँड टुरिंग’ हे नाव अजून रुळायचे होते, पण ती जातीने तीच गाडी होती. तीनशेहून अधिक अश्वशक्तीची ही गाडी, ज्या काळात माळव्याच्या रस्त्यांवर बैलगाड्याच अधिक होत्या, त्या काळातली. आज ती या देशातही नाही.

या दोन्ही गाड्यांविषयी माझ्या मनात आदर आणि राग एकाच वेळी येतात, हे लपविण्यात अर्थ नाही. आदर, कारण त्या सुंदर आहेत. राग, कारण निजामाच्या खजिन्यात पडणाऱ्या पैशात आमच्या पणजोबांनी ज्वारी-कापूस विकून भरलेला शेतसारा होता. त्यांना कोणी विचारले नव्हते की सिंहासनाची गाडी घ्यावी काय. कागदावर मालक एक होता. पण राबणाऱ्यांचा पैसा आणि घडविणाऱ्यांचे हात वजा केले, तर त्या मालकाचे तिच्यात काय उरले? काही शे मैल. म्हणून ती राजवाड्यात सर्वांसाठी उघडी झाली याचा मला आनंद वाटतो. सुंदर वस्तूचा धनी एक असला, तरी तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ असतात.

इथवरचा विचार सोपा होता, कारण राजे आणि लक्षाधीश आपल्यापासून दूर आहेत. दूरच्या माणसाला नीती शिकविणे कोणालाही जमते. पण माझ्या लातूरच्या एका स्नेह्यांपाशी एक गाडी आहे, आणि तिथे हा विचार अडखळतो.

या स्नेह्यांचे गंजगोलाईजवळ आडतीचे छोटे दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी १९६८ मध्ये फियाट अकराशे घेतली. मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बांधलेली, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाशेजारी असलेली. तिला कोणी ग्रँड टुरिंग म्हणणार नाही. मुंबईच्या टॅक्सींत तिच्याच नंतरच्या बहिणी, प्रीमियर पद्मिनी, २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत होत्या. पण लातूरच्या त्या कुटुंबाला ती ड्यूझेनबर्गपेक्षा कमी नव्हती. तीतून ते पंढरपूर-तुळजापूरला गेले, तीतून लेकी सासरी गेल्या, आणि १९९३ मध्ये किल्लारीला भूकंप झाला तेव्हा वडिलांनी जखमींना दवाखान्यात नेले तेही तीतूनच. वडील गेले. गाडी सुस्थितीत आहे, कारण माझे स्नेही दर रविवारी ती स्वतः पुसतात.

आता पुण्याच्या एका व्यापाऱ्याने तिचे तीन लाख देऊ केले आहेत. तो ती एका हॉटेलच्या दारात शोभेला ठेवणार आहे. यंत्राची त्याला गरज नाही. नांदेडचे एक निवृत्त अभियंते सव्वादोन लाख देतात. ते ती चालविणार आहेत, आणि २०२१ च्या नियमाप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करणार आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ही नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात राखायची आणि रोजच्या वापराला काढायची नाही. आणि पैसा कशाला हवा? माझ्या स्नेह्यांचा मुलगा वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. लातूरच्या शिकवण्यांची ख्याती महाराष्ट्रभर आहे, आणि त्यांची फीही ख्यातीला साजेशी आहे.

“गुरुजी, इकावी का ठेवावी?” त्यांनी मला विचारले. “पोरगं म्हणायलंय, इकू नका, मी घरीच अभ्यास करतो. माझ्यापायी आजोबाची गाडी गेली, असं नको म्हणायलंय.”

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. आमच्या घरी शिक्षणासाठी काय विकावे हा प्रश्नच कधी निघाला नाही, कारण विकण्यासारखे काही नव्हते. त्यामुळे “विका” हे उत्तर माझ्या ओठांवर लगेच आले. वस्तू माणसासाठी आहे, माणूस वस्तूसाठी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या गावाला काय टिकवावे आणि काय सोडावे हे मी सांगायला नको. घशाला कोरड पडली की घागरीवरची नक्षी कोणी पाहत नाही.

पण मुलाचे बोलणे ऐकले आणि प्रश्न दुसरीकडेच आहे असे वाटू लागले. तो गाडीवर प्रेम करतो म्हणून नको म्हणत नव्हता. त्याला ओझे नको होते. गाडी त्याच्यासाठी विकली, तर तो परीक्षेला बसेल तेव्हा एकटा बसणार नाही. आजोबा, तुळजापूरचा रस्ता, किल्लारीची रात्र, सारे त्याच्या उत्तरपत्रिकेभोवती उभे राहील. नापास झाला तर एक परीक्षा गेली असे कोणी म्हणणार नाही, “एवढी गाडी घालवली” असे म्हणतील. जिचा हिशेब घेणाऱ्याच्या नावे लिहून ठेवला जातो, ती देणगी राहत नाही. ते कर्ज होते, आणि त्याची परतफेड कितीही केली तरी फिटत नाही.

याच संदर्भात मला आणखी एक विक्री आठवते. मर्सिडीज कारखान्याने १९५५ मध्ये ‘तीनशे एसएलआर’ जातीच्या बंद छताच्या फक्त दोन गाड्या बांधल्या होत्या. त्यांपैकी एक २०२२ च्या मे महिन्यात साडेतेरा कोटी युरोला विकली. लिलावात कोणत्याही मोटारीला तोवर एवढी किंमत आली नव्हती. त्या पैशातून विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी निधी काढला. त्या विद्यार्थ्यांना गाडी गेल्याचा भार वाटत नसेल, कारण देणारा त्यांच्या समोर बसून जेवत नाही. शिवाय कारखान्याने दुसरी गाडी आपल्या संग्रहालयात ठेवली आहे. माझ्या स्नेह्यांजवळ दुसरी नाही, आणि मुलगा रोज रात्री त्यांच्याच पंगतीला आहे.

म्हणून मी त्यांना सांगितले ते असे. गाडी विकावी, कारण मुलाचे शिक्षण थांबवून राखलेली वस्तू राखणाऱ्यालाही सुख देत नाही. रविवारी पुसताना हात जड होईल. पण विकायची ती स्वतःच्या नावाने. “मला आता तिची निगा होत नाही, म्हणून दिली,” असे घरात सांगावे, आणि तेच खरे होईल असे वागावे. फीचा आणि गाडीचा उल्लेख एका वाक्यात पुन्हा कधी करू नये. रागाच्या भरात तर नाहीच नाही. गाडी विकण्यापेक्षा हे कितीतरी कठीण आहे.

“आन् तीन लाख का सव्वादोन?” त्यांनी विचारले.

इथे मी उत्तर दिले नाही. सव्वादोन लाखांत मुलाची दोन्ही वर्षे निघत असतील, तर उरलेले पाऊण लाख म्हणजे वडिलांच्या गाडीचे यंत्र चालू राहावे, तिने शोभेचा पुतळा होऊ नये, या इच्छेची किंमत आहे. ती मोजायची की नाही हे ज्याच्या खिशातून जाणार त्यानेच ठरवावे. निघत नसतील, तर पुण्याचा व्यापारी बरा, आणि त्यात कोणी कमीपणा मानू नये. दुसऱ्याच्या पाऊण लाखावर रसिकता दाखविणे हा आम्हा लेखकांचा जुना रोग आहे.

मालकीविषयी मात्र माझे मत आता बरेच पक्के झाले आहे. वस्तू आपल्या हाती थोडा काळ असते. तेवढ्यात तिची निगा करावी, जमल्यास तिने दोन माणसांना पोहोचवावे, आणि वेळ आली की ती अशा रीतीने सोडावी की तिचे वजन मागे राहणाऱ्याच्या खांद्यावर पडू नये. निजामाला यांतले पहिले जमले, कारण नोकर होते. दुसरे आमच्या स्नेह्यांच्या वडिलांनी केले. तिसरे अवघड आहे, आणि ते माझ्या स्नेह्यांपुढे आहे. निर्णय दिवाळीनंतर करू, असे ते म्हणाले. तोवर गाडी रविवारी पुसली जाते आहे.