देणे खरे, परंतु किती?

भोर तालुक्यातील एका वाडीत उपासना आटोपल्यावर मंडळीतील एक गृहस्थ मागे रेंगाळले. त्यांनी पिशवीतून दिवाणी न्यायालयाचे समन्स काढून माझ्या हाती दिले. वादी वेल्ह्याकडचा, त्यांच्या जुन्या ओळखीचा. "पाळकसाहेब, चाळीस हजार घेतले हे खरे. पंधरा हजार फेडले, पण पावती घेतली नाही. रोखा मात्र साठ हजारांचा आहे. वकील म्हणतात, दावा मुदतीबाहेर गेला आहे, एक पैसाही देऊ नका. आमचे वडील भाऊ म्हणतात, आपण ख्रिस्ताचे लोक, मागतील ते देऊन टाकावे. मी कोणाचे ऐकू?"

वाचकहो, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. दोन्ही सल्ल्यांत काही तरी खोटे आहे एवढेच वाटत होते.

वडील भावाचा सल्ला भक्तीचा दिसतो. परंतु साठ हजार घेतलेच नाहीत, तर साठ हजारांच्या कबुलीवर सही करणे हे सौम्यपण नव्हे. ती खोटी साक्ष होय, आणि तीही आपल्याच लेकरांविरुद्ध. आपल्या पुणे जिल्ह्याने ह्या मुकेपणाची किंमत पूर्वी मोजली आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्याआधी कर्जाच्या दाव्यांत प्रतिवादी बहुधा न्यायालयात हजरच होत नसे, आणि कागदावर असेल त्या आकड्याचा एकतर्फी हुकूमनामा होई. पुढे १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीच्या कायद्याने न्यायाधीशास अधिकार दिला की, रोख्यावरच्या आकड्याशी न थांबता त्याने देवघेवीचा हिशेब मुळापासून पाहावा. आपले भोर त्या वेळी पंतसचिवांचे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. तरी हा धडा आपलाही आहे.

वकिलांचा सल्ला कायद्याने चुकीचा नव्हता. मुदतीचा कायदा निरर्थकही नाही. साक्षीदार मरतात, पावत्या वाळवी खाते, आणि आजोबाच्या कर्जासाठी नातवाला कोणी ओढू नये. ज्याला हिशेबच आठवत नाही त्याने मुदतीचा आधार घेतला, तर मी त्याला दोष देणार नाही. पण आमच्या गृहस्थांना सर्व आठवत होते. मुदत संपली म्हणजे न्यायालयाचे दार बंद होते. देणे नाहीसे होत नाही. हे कायद्यालाही ठाऊक आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुदतीबाहेर गेलेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी व सहीनिशी दिले, तर ते त्याला बांधून टाकते. कर्ज खरोखर मेले असते, तर अशा वचनात काय जीव राहिला असता?

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, वादीबरोबर वाटेवर आहोत तोवरच त्याच्याशी सलोखा करावा. आपण ह्याचा अर्थ हार मानणे असा लावतो. पण तेथे आकडा सांगितलेला नाही. वाटेवर दोघे बरोबर चालतात आणि चालता चालता बोलता येते. न्यायालयात पोहोचल्यावर वकील बोलतात.

म्हणून मी त्यांना म्हणालो, "भाऊ, आधी आपला खरा हिशेब कागदावर मांडा. मग आपण दोघे वादीकडे जाऊ." नसरापूरला एका चहाच्या दुकानात भेट झाली. वादीने पंधरा हजार आधी साफ नाकारले. मग वही निघाली, तीत दहा हजारांची नोंद सापडली, पाच हजारांची नाही. रोख्यात पुढचे व्याज आधीच मिळवून लिहिले होते हे त्यानेही कबूल केले. आमच्या गृहस्थांनी ते पाच हजार सोडले. मला ते आजही खुपते. शेवटी तीस हजार मुद्दल व पाच हजार व्याज, पाच हप्त्यांत, असे ठरले.

उपदेशक बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे. बोलणी चालू आहेत म्हणून न्यायालयाची तारीख चुकवू देऊ नये. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावयाचे असते. तडजोड तोंडी ठेवू नये. ती लिहून, उभयतांच्या सह्या घेऊन न्यायालयात दाखल करावी. लोकन्यायालयात ती झाली तर तिच्यावर अपील नाही, आणि वादीला न्यायालयाचे शुल्क परत मिळते. हे त्याला सांगितले म्हणजे तो पुष्कळदा मऊ होतो. हुकूमनामा आधीच झाला असेल आणि पैसे बाहेर दिले, तर त्याची नोंद न्यायालयात करून घ्यावी. न केल्यास बजावणीच्या वेळी ते पैसे हिशेबात धरले जात नाहीत. आणि धनको सावकारीचा धंदा करीत असेल, तर त्याचा परवाना आधी विचारावा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकाराला हुकूमनामा मिळत नाही, आणि परवाना असलेल्यालाही मुद्दलापेक्षा अधिक व्याज घेता येत नाही.

आमच्या गृहस्थांनी शेवटचा हप्ता बँकेतून भरला व पावती उपासनेनंतर मला आणून दाखवली. वडील भाऊ अजून म्हणतात की, सगळे द्यावयास हवे होते. वकील म्हणतात, काहीच द्यावयास नको होते.