प्रश्न कुणाच्या घरून येतो

विद्यार्थ्यांचं संशोधन म्हणजे सराव. खरं काम पीएच.डी.पासून सुरू होतं, असा समज आपल्या विद्यापीठांत घट्ट रुतून बसला आहे. या समजाने आपलं फार नुकसान केलं आहे असं मला वाटतं, आणि ते दाखवायला जुहू तारा रोडवरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या आवाराइतकी चांगली जागा मुंबईत दुसरी नाही.

नीरा देसाई या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायच्या. आधुनिक भारतातल्या स्त्रीवरचं त्यांचं पुस्तक १९५७ साली आलं. त्याचं मूळ त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधात होतं. म्हणजे एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न. त्या काळी समाजशास्त्रात स्त्री भेटायची ती कुटुंब, विवाह, लोकसंख्या या प्रकरणांच्या आत, दुसऱ्या कुणाच्या तरी संदर्भाने. तिचा वेगळा अभ्यास करायचा असतो हेच मान्य व्हायला पुढे बराच काळ गेला. १९७४ साली एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं राहिलं, देशातलं पहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीस स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या राष्ट्रीय समितीचा अहवाल सरकारला सादर झाला आणि घटतं लिंगगुणोत्तर, बायकांच्या हातून निसटत चाललेला रोजगार हे सगळं उघड्यावर आलं. एप्रिल १९८१मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठाने भरवली. पुढच्या वर्षी या विषयाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. एका विद्यापीठातला एक कार्यक्रम, पण त्यातून एक ज्ञानशाखा देशभर उभी राहिली.

हे इथेच का घडलं? धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात हे विद्यापीठ सुरू केलं तेव्हा त्याला सरकारी मान्यता नव्हती. कायद्याने ती मिळाली १९५१ साली. मधली पस्तीस वर्षं पदवीला बाजारात भाव कमी होता, पण अभ्यासक्रम स्वतः ठरवायची मोकळीक होती. कर्व्यांनी मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाशी जोडलेले विषय आग्रहाने आणले. मुलींना पुन्हा चुलीपाशीच नेऊन बसवलं, अशी टीका त्यावर होते. ती टीका मला मान्य आहे. पण चूल अभ्यासाचा विषय झाली की ती प्रश्नही विचारू लागते, हे टीकाकारांच्या लक्षात येत नाही. घरात शेवटी कोण जेवतं, कुणाच्या ताटात काय उरतं, हे पोषणशास्त्राच्या वहीत एकदा उतरलं की तो राजकीय प्रश्न होतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. ही टक्केवारी कुणीही वाचून दाखवेल. घराघरांत ती कशी तयार होते, हे त्या घरात वाढलेल्या मुलीला अधिक नेमकं विचारता येतं.

म्हणून गूगल फॉर्मवरचं संशोधन मला खटकतं. फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, दोन दिवसांत शंभर उत्तरं, की डेटा तयार. त्यातून आपल्यासारख्याच माणसांची मतं आपल्याकडे परत येतात. जुहूत समुद्राकाठी कोळीवाडा आहे. मासळी विकणाऱ्या बाईला बर्फाला किती मोजावे लागतात, उरलेल्या मालाचं ती काय करते, दिवसभर पाटीपाशी बसून शौचालयाला कुठे जाते, हे फॉर्ममध्ये येणार नाही. त्यासाठी तिच्या वेळेला जावं लागतं, दोनदा परत यावं लागतं, आणि 'ताई, आज नाही, उद्या ये' हे ऐकून घ्यावं लागतं.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा मला मोलाची वाटते. पदवीची मुलगी पोस्टरपाशी उभी राहते, अनोळखी परीक्षक विचारतो, हा नमुना एवढाच का घेतलास, आणि तिला जागच्या जागी उत्तर द्यावं लागतं. वर्गात हे शिकवता येत नाही. पण बहुतेक संशोधन-दिनांत परीक्षक गेले, प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाले की पोस्टर गुंडाळलं जातं. जिच्याविषयी ते असतं तिला कुणी बोलावलेलं नसतं. तिला बोलवावं. मराठीत एक पान लिहून तिच्यासमोर निष्कर्ष वाचावेत. 'हे असं नाही गं,' असं ती म्हणाली, तर त्या मुलीला त्या दिवशीचा सर्वांत कठोर आणि सर्वांत जाणकार परीक्षक भेटला असं मी म्हणेन.

आता चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचा मार्ग आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. ही अट मला पटत नाही. घरकाम करणाऱ्या आईची मुलगी सकाळी नोकरी करून कॉलेजात येते, तिचे गुण ६२ असतील. पण घरकामगार बाईच्या सुट्टीचा, उचलीचा, पाठदुखीचा प्रश्न तिच्याइतका नेमका दुसरं कोण मांडणार? दारातच तिला अडवून आपण नेमका तोच प्रश्न बाहेर ठेवतो. निवडच करायची तर तिने लिहिलेल्या दोन पानी आराखड्यावरून करावी, आणि तिच्या गाईडला त्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र तास द्यावा. आज ते मार्गदर्शन अनेक ठिकाणी दोन तासिकांच्या मधल्या दहा मिनिटांत उरकावं लागतं.