फर्म्यातली चूक

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्या पुतण्याने घरच्या गॅरेजमध्ये एक जुने टायगर मॉथ विमान दुरुस्तीला घेतले आहे. १९३१ साली प्रथम उडालेले हे दुहेरी पंखांचे विमान. हिंदुस्थानातही कित्येक वैमानिक याच्यावरच शिकले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, वरून कापड. अशा नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्यांत गरम जवसाचे तेल फिरवून काढून टाकतात, हे ऐकून आम्हा शनवार तेल्यांच्या वंशजांना हसू आले. विमानालाही घाण्यावाचून सुटका नाही!

उमेदवारीत शिकलेले सुतारकाम म्हातारपणी कामी आले. पंखाच्या बरगड्यांचा फर्मा आम्हीच केला. जाड फळीवर बरगडीचे पुऱ्या मापाचे चित्र काढायचे, रेषेच्या दोन्ही अंगांना ठोकळे ठोकायचे, मध्ये स्प्रूसच्या बारीक पट्ट्या वाकवून बसवायच्या आणि सांध्यांवर प्लायवूडचे तुकडे चिकटवायचे. सरस फळीला धरू नये म्हणून खाली मेणकागद. प्रत्येक वेळी त्याच सरसाचा एक नमुना जोडून दुसऱ्या दिवशी मोडून पाहायचा : लाकूड फाटले पाहिजे, सांधा सुटता कामा नये.

बरगड्या अशा एकसारख्या उतरल्या की एकीवर एक ठेवली तर मध्ये नख शिरणार नाही. तिथेच आम्ही फसलो. एका ठोकळ्याची जागा दीड मिलिमीटर चुकली होती. सगळ्याच सारख्या चुकलेल्या, एकमेकींशी ताडून ते दिसणार कसे? मूळ जुन्या बरगडीवर ठेवली तेव्हा उजेड पडला.

आमच्या बरगड्या आम्ही बाजूला काढल्या. त्यात मोठेपणा नाही, लाकूड घरचेच होते. पण फर्मा मधल्या काळात एका ओळखीच्या गृहस्थांना उसना दिला होता. त्यांनी त्यावर चार बरगड्या केल्या आणि पंखावर कापडही चढवले.

पुतण्या म्हणाला, "काका, दीड मिलिमीटरने विमान पडत नाही."

खरेही असेल. पण विमानात बसणार ते गृहस्थ, आणि किती चूक चालेल हे त्यांना न विचारता ठरवणार आम्ही? कळेपर्यंत ती नुसती चूक होती. कळल्यावर गप्प राहिलो तर तिला काय म्हणावे?

वाचकहो, दुसरी बाजूही सोपी नाही. सांगावे तर त्यांची कित्येक महिन्यांची मेहनत उसवायची, तीही कदाचित विनाकारण. आपले मन हलके व्हावे म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे ठेवणे हा कसला प्रामाणिकपणा? ही शंका आम्हांला अजूनही सोडत नाही.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी एवढेच विचारले, "कोणता ठोकळा?"

रविवारी आम्ही जुनी बरगडी आणि मोजपट्टी घेऊन त्यांच्याकडे गेलो. कापड त्यांनी आधीच कापून ठेवले होते.