मोलाने लिहिलेले शब्द

वाचकहो, इंटरनेटवर लेख लिहून पैसे मिळविणे हा आता रीतसर धंदा झाला आहे. शब्दागणिक दर ठरतो. यात गैर काय? आम्ही जन्मभर मास्तरकी केली ती पगार घेऊनच.

अडचण निराळी आहे. दुबईच्या ज्या हॉटेलात लिहिणारा कधी उतरलाच नाही, तिथल्या न्याहारीची तो तोंडभर तारीफ करतो. पैसे हॉटेलवाल्याचे, पण वाचणारा बिचारा त्यास मित्राचा सल्ला समजतो.

पैसे घेऊन इंटरनेटवर जाहिरात करणाऱ्यांस संयुक्त अरब अमिरातीने २०१८ साली परवाना सक्तीचा केला, फी १५,००० दिरहम. जाहिरात असेल तर तसे उघड सांगा, असेही बजावले. २०२५ मध्ये नवा परवाना जाहीर झाला. त्यात तेथील रहिवाशांना पहिली तीन वर्षे फी माफ, मात्र परवान्याचा क्रमांक आपल्या खात्यावर सर्वांना दिसेल असा लावायचा. हा क्रमांक आम्हांस फार आवडला. बोलणारा मोलाने बोलतो आहे, एवढे तरी कळते.

महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'चा गवगवा झाला. तेव्हाही लोकांना झोंबले ते पैशापेक्षा जाहिरातीने घातलेले बातमीचे सोंग.

पण तो खरे बोलतो की नाही, हे क्रमांक कसे सांगणार? पोट सर्वांनाच आहे, आणि दुबईची घरभाडी आम्ही ऐकून आहोत. तरी लिहिणाऱ्याने हॉटेलवाल्यास निदान एवढे विचारावे: शेटजी, एक रात्र राहू द्याल का?