डबी विकत, संत फुकट

वसईतल्या एका चर्चचे फादर आणि रेडिओकार्बन कालमापनावर संशोधन करणारी त्यांची भाची. पॅरिशमधल्या, आखातात नोकरीला असलेल्या एका गृहस्थाने ऑनलाइन लिलावातल्या डबीचा फोटो पाठवला आहे. डबी पितळी, मागे लाखेची मोहोर, काचेखाली हाडाचा कण आणि लॅटिनमध्ये संत निकोलसचं नाव. ही घेऊन चर्चला अर्पण करू का, असं त्याने विचारलं आहे.

भाची : जाहिरात नीट वाचलीत ना, मामा? ‘किंमत फक्त डबीची, आतला अवशेष भेट.’

मामा : वाचली. ईबेसारख्या बाजारात मानवी हाडं विकायला बंदी. आमच्या धर्मसंहितेच्या कलम ११९० प्रमाणे पवित्र अवशेष विकणं निषिद्ध. पठ्ठ्याने एका वाक्यात दोन्ही कायद्यांना वळसा घातला.

भाची : मग प्रश्न मिटला. घ्यायची नाही.

मामा : मिटला असता तर तुला फोन कशाला केला असता? निषिद्ध आहे ते विकणं. बाजारात अडकलेल्या संताला सोडवणं हेही पापच का? उद्या ती कुणा हौशी माणसाच्या शोकेसमध्ये जाईल. आणि अवशेष खरा असला तर? ते तुझी प्रयोगशाळा सांगू शकेल.

भाची : ती काय सांगते ते ऐका. निकोलसचाच म्हणून जपलेला ओटीपोटाच्या हाडाचा एक तुकडा अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका फादरकडे होता. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तो तपासला, काळ निघाला चौथं शतक. निकोलस ३४३च्या सुमारास वारला अशी परंपरा आहे, म्हणजे जुळलं. तरी संशोधक एवढंच म्हणाले, की हाड त्याचं असू शकतं. कार्बन-१४चं अर्धायुष्य ५७३० वर्षं. त्यावरून माणूस साधारण कधी मेला ते कळतं, कोण मेला ते कळत नाही.

मामा : ‘असू शकतं’ एवढं श्रद्धेला पुरतं.

भाची : बाजारालाही तेवढंच पुरतं! माझ्या अहवालाची प्रत जोडली की डबीचा भाव वाढलाच. शिवाय तपासायचं म्हणजे हाडातलं कोलॅजेन काढून जाळायचं आणि त्या वायूचं ग्रॅफाइट करायचं. नमुना काही मिलिग्रॅमचा, पण इथे कणच तेवढा आहे. खात्री करून घेण्यासाठी तुमचा संत जाळू?

मामा : मग जुन्या गोव्यात सापडलेल्या, जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थींबद्दल विज्ञान इतक्या विश्वासाने कसं बोललं?

भाची : तिथे कागद होते. १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासने तिला ठार मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी पुढे गोव्याला आणल्या आणि मठात नेमक्या कोणत्या खिडकीपाशी ठेवल्या, हे पोर्तुगीज नोंदींत राहिलं. पुरातत्त्व खात्याने शोध घेतला तो त्या नोंदींच्या मागाने. मग हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला. मातृवंशाचा गट निघाला यू१बी, तपासलेल्या हजारो भारतीयांत न सापडलेला आणि जॉर्जियात सापडणारा. २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला दिला. नाव सांगितलं कागदांनी, डीएनएने दुजोरा दिला. या डबीचा कागद कुठाय?

मामा : जाहिरातीत नाही. खरं तर अशा डबीबरोबर चर्चच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असतं, दोन्हींवरची मोहोर जुळावी लागते. एखादं कॉन्व्हेंट बंद पडलं असेल, सामान निघालं असेल, त्यात ताटातूट झाली.

भाची : किंवा कुणी मुद्दाम केली. वस्तू कुठून उचलली हे ज्याला सांगायचं नसतं, तो आधी तेच पुसून टाकतो. आपण पैसे मोजून हाड मिळवू. पण ते कुणाचं, हे कळण्याची वाट बाजारात यायच्या आधीच बुजलेली असते. आणि अशी वाट बुजवणं परवडतं, हे आपणच त्याला शिकवतो.

मामा : बेवारस प्रेताला मूठमाती देताना आपण नाव विचारतो का? संत नसेल, माणूस तर आहे! वेदीवर नाही ठेवणार, दफनभूमीत पुरेन. तेवढ्यासाठी तरी घेऊ?

भाची : पैसे दफनासाठी आले, हे विकणाऱ्याच्या खात्यात उमटत नाही. त्याला दिसतं गिऱ्हाईक. पुढच्या ओस पडलेल्या चॅपलचं कपाट तो तुमच्याच भरवशावर फोडेल.

मामा : ते कपाट अजून तुझ्या तर्कात आहे. हे हाड माझ्यासमोर आहे. लुटारूंनी वाटेत टाकलेल्याला ओलांडून जाऊ नये, एवढं तरी बायबलमधल्या शोमरोन्याने शिकवलंच ना?

भाची : शोमरोन्याने पैसे उतारशाळेवाल्याला दिले, मामा. लुटारूंना नाही.

मामा : ...हे मात्र पुढच्या रविवारी प्रवचनात वापरणार. बरं, असं लिहितो त्याला : पैसे देऊ नकोस. वस्तू कुठून मिळाली ते विकणाऱ्याला विचार, आणि तिथल्या धर्मप्रांताला विनामूल्य देशील का, तेही विचार.

भाची : देणार नाही तो.

मामा : ठाऊक आहे. डबी विकली जाईल. आत खरंच निकोलस असला, तर मी त्याला लिलावात सोडून आलो. कलम पाळलं म्हणून तो भार उतरत नाही. उत्तर बरोबर आहे एवढ्याने मन स्वस्थ झालं असतं, तर पापनिवेदनाला रांग लागली नसती.

भाची : मीही सुटत नाही. न तपासता नाकारलेला कण खरा होता का, हे मला कधीच कळणार नाही. संशोधकाला हे सोपं नसतं.

मामा : आणि चुकून त्याने प्रमाणपत्र काढून दाखवलं तर?

भाची : तर आधी तो कागद पाठवा. हाडाचं मग बघू.